वाकड्या बाभळीखालची जागा

दादाराव,

रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला पुढं बोलावलं. मंडपात पांढऱ्या कपड्यांतली सगळी गल्ली बसली होती. समोर तुमचा निवृत्तीच्या दिवशीचा फोटो, त्यापुढं मेणबत्त्या. माझ्या आधीच्या वक्त्यांनी तुम्हाला शांत, मनमिळाऊ, अडल्यानडल्याला धावून जाणारे असं सगळं म्हणून घेतलं होतं. मी माइक हातात घेतला, ‘दादाराव चांगले शेजारी होते’ एवढंच म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, दुःखानं बोलवेना. दुःख होतंच, पण ओठावर एक प्रश्न आला होता आणि तो भर मंडपात विचारण्यासारखा नव्हता. त्या दिवशी बाभळीपाशी तुम्ही पाण्यात काय टाकत होता?

उत्तर मला तासाभरानं मिळालं. ते तुमच्याकडून मिळायला हवं होतं, पण त्यासाठी मी तोंड उघडून विचारायला हवं होतं. म्हणून हे लिहितोय.

मी शक्की माणूस आहे हे तुम्हाला पहिल्या आठवड्यातच कळलं असणार. सुनंदा तर म्हणते, दूधवाल्यानं चुकून माप जास्त घातलं तरी ह्यांना रात्रभर झोप नाही, का घातलं म्हणून. पण मला शक्की करण्यात तुमच्या ह्या गोदावरी नदीचाही हात आहे. येलदरीला असताना माझं असं नव्हतं. धरणाच्या फुगवट्याच्या कडेला माझी एक काळी शिळा होती. वडील त्याच शिळेवर बसायचे, पुढं मी बसलो. सकाळी शिळेवर फडकं अंथरायचं, गळ टाकायचा, दुपारपर्यंत पिशवी जड. कुणी विचारायला येत नव्हतं की बाबा तू कोण. मग बदली झाली आणि गंगाखेडच्या शाळेत क्लार्क म्हणून येऊन पडलो. म्हटलं, तिकडं धरण होतं, इकडं नदी आहे, पाणी ते पाणीच.

नदी एवढी लांब आणि माणसाला बूड टेकायला हातभर जागा नाही! एकीकडं काळ्या मातीची उभी दरड, पाय ठेवला की ढेकळासकट खाली. दुसरीकडं बेशरमाचं रान, तंगूस, म्हणजे गळाची दोरी, फेकला की तो पाण्याऐवजी फांदीत. त्याच्या पुढं ऊस थेट काठाला भिडलेला, आणि ऊस संपतो तिथं कुणाची तरी मोटार, कुणाचा तरी पाइप. मोबाइलच्या नकाशात एक झकास वाकण दिसलं. पाण्यात शिरलेला वाळूचा पट्टा, तीन बाजूंनी पाणी. उन्हात सायकल मारत गेलो तर तिथं नुसता खड्डा. नकाशातली वाळू कधीच ट्रॅक्टरमधून गेलेली. खड्ड्याशी उभ्या असलेल्या मंडळींनी मी सरकारी क्लार्क आहे म्हटल्यावर विचारलं, ‘कोन्या सायबानं धाडलं?’ मासे धरायला आलोय म्हणालो तर हसले. गळ काढून दाखवला तर आणखी हसले.

पुढच्या रविवारी शेषेराव भेटले. त्यांच्या उसाच्या टोकाला पाणी खोल दिसलं म्हणून मी नुकताच बसलो होतो, तर ते काठी घेऊन आले.

‘पिशवीत काय हाय? काढा भाईर.’

त्याच महिन्यात त्यांच्या मोटारीची केबल चोरीला गेली होती. पिशवीतून गांडुळांचा डबा निघाला, चाकू निघाला आणि पक्कड निघाली. पक्कड माशाच्या जबड्यातून गळ काढायची, पण ती बघून त्यांची खात्रीच पटली. माझं नाव लिहून घेतलं, मोबाइलवर फोटो काढला आणि ‘पुन्यांदा दिसलाव तर ठाण्यात देतो’ म्हणून बजावलं. येलदरीच्या शिळेवर वाढलेला माणूस मी, केबलचोर म्हणून घरी परत आलो.

त्याच संध्याकाळी तुम्ही समोरच्या ओट्यावर बसून सायकलच्या कॅरिअरला चिकटलेले खवले ओल्या फडक्यानं पुसत होता. मी गल्ली ओलांडून आलो.

‘रोहू का?’

‘व्हय.’

‘कुठं लागला?’

‘नदीत.’

आणि पुन्हा खवले पुसायला लागलात. जन्मभर एसटीची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस एवढं मोजून बोलतो म्हणजे काहीतरी लपवतोय, हे मी तिथंच ठरवून टाकलं. मग मी माझी सगळी कर्मकथा सांगितली, शेषेरावांच्या पक्कडीसकट. तुम्ही हसला नाहीत. फडकं पिळलंत आणि म्हणालात, ‘वाकड्या बाभळीपाशी बसत जावा. पुलाच्या वरल्या अंगाला. लय निवांत जागा हाय.’

जागा निवांत होती यात वादच नाही. सावली होती, बसायला मुळीचा कोच होता, समोर वाहतं पाणी होतं. मासा तेवढा नव्हता. चार रविवार मी तिथं बसलो आणि चार रविवारांत एक चिलापी मिळाली, तळहाताएवढी, तीही मलाच बघून ओशाळल्यासारखी. आणि त्याच चारही रविवारी तुमच्या घरातून आमच्याकडं कालवणाची वाटी यायची. कौसाबाई वाटी देताना म्हणायच्या, ‘आज कटला लागला, जरा काटे बगून खावा.’ सुनंदा बोटं चाटून खायची. मी प्रत्येक घासाला विचार करायचो, मला बाभळीला बसवून हा माणूस स्वतः कुठं बसतो?

आता सांगायला हरकत नाही, मी तुमच्या सायकलच्या टायरला लागलेला चिखल बघायचो. बाभळीकडचा चिखल करडा, वाळूमिश्रित. तुमच्या टायरला काळा, उसाच्या रानातला. एकदा तर मी लांबून तुमच्या मागं सायकल घातली. तुम्ही चौकातल्या हॉटेलात थांबलात, चहा मागवलात, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलात आणि घरी परत आलात. गल्लीत मला म्हणालात, ‘काय येलदरीवाले, तुमीबी चहा घ्यायचा हुता की. भाईर उनात कामून उभारलाव?’ त्या दिवशी मला तुमचा रागही आला आणि तुम्ही आवडलातही. पण आवडलात हे कुठं बोलून दाखवलं नाही.

पाचव्या रविवारी तुम्ही स्वतःहून माझ्याबरोबर बाभळीला आलात. तो दिवस माझ्यापाशी पक्का आहे. माझ्या तंगुसाला शिसं हलकं पडतं म्हणून तुम्ही खिशातून एक गंजका नट काढून बांधलात. ‘लाल डब्याचा हाय. लय खड्डे बगितलेत त्यानं, तुमच्या ह्या धारंला भ्यायचा न्हाई.’ मी मनात म्हटलं, मुद्दाम जड नट बांधतोय, मासा बिचकावा म्हणून. नट मात्र ठेवून घेतला. मग आपली नेहमीची जुंपली. तुमचं म्हणणं, नदीतल्या माशाला काठावरचं पाऊल ऐकू येतं. मी म्हटलं, आमच्या येलदरीला बायका शिळेवर धुणं आपटतात आणि शेजारीच मासा लागतो. तुम्ही म्हणालात, ‘धरनातला मासा बहिरा अस्तोय.’ मी चिडलो. धरणाला बोललेलं मला खपत नाही. ‘बगू आपन एक डाव, दोनीकडं बसून बगू,’ म्हणालात. येलदरीला जायचं ठरलं, वार तेवढा ठरायचा राहिला. तो वाद अजून तसाच आहे, आणि माझंच म्हणणं बरोबर होतं असं मला अजूनही वाटतं.

त्याच दिवशी मी तुम्हाला घाटाखालची जागा सुचवली होती. दहाव्याचे पिंड, भात, काय काय पाण्यात जातं, मासे वरच येऊन लोळतात, मी डोळ्यांनी बघितले होते. तुम्ही गळ गुंडाळणं थांबवलंत. ‘तितं न्हाई बसायचं. लोक आपली मानसं सोडायला येतेत तितं. त्यांच्या म्होरं आपन मासं वडत बसायचं व्हय?’ दहावं-तेरावं तुमच्या घरात कुणी पाळत नाही, तरी तुम्ही हे म्हणालात. मला लाज वाटली. आणि लाज वाटली की मी करतो तेच केलं, तुमच्यावरच उलटलो. म्हटलं, घाट नको, उसाचं रान नको, फक्त बाभळच हवी, मला तिथंच खुंटीला बांधून ठेवायचा विचार दिसतोय. तुम्ही उरलेला गळ गुंडाळून घेतलात.

त्यानंतर आठवड्याभरातच तुम्ही ओट्यावरून सांगितलंत, ‘येलदरीवाले, आता म्हैनाभर बाभळीला जाऊ नका.’

‘का?’

‘नका जाऊ म्हनायलोय ना. मंग जावा.’

आता मला सांगा, दादाराव, माझ्यासारख्या माणसाला कारण न देता असं सांगतात का? पाच रविवार जिथं बसवलं, तिथून उठवायचं कारण काय? मी दोन दिवस कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सरळ नदीची वाट धरली.

तुम्ही बाभळीखाली उभे होता. जवळ गळ नव्हता, काठी नव्हती. पायाशी एक पोतं होतं आणि त्यातून मुठी भरभरून तुम्ही पाण्यात फेकत होता, बरोबर माझा गळ पडतो तिथं. पोत्यावर हिरव्या ठळक अक्षरांत छापलेलं मला रस्त्यावरून वाचता आलं. निंबोळी पेंड. कडू जहर. शेतकरी किडीला टाकतात ती. माझ्या डोळ्यांपुढं सगळं चित्र उभं राहिलं. ज्या जागी मासा नाही तिथं मला बसवलं, आता चुकून एखादा येत असेल तर तोही हाकलायचा, म्हणजे येलदरीवाला कंटाळून गळच टाकून देईल. तुम्ही मान वर केलीत, मला बघितलंत आणि हात वर केलात. मूठ भरलेलीच होती. मी न बघितल्यासारखं करून सायकल वळवली.

त्या रविवारी वाटी आली तेव्हा सुनंदा घरात नव्हती. मी दारातूनच म्हणालो, ‘आज आमचा उपास आहे.’ कौसाबाईंनी वाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडात तेव्हा पान होतं. त्या वाटी घेऊन परत गेल्या. सुनंदाला कळल्यावर ती म्हणाली, ‘तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? पाण्यात कडू टाकून नदी कडू होते का कधी?’ मी तिला म्हटलं, तुला नदीतलं काय कळतं. मला तरी काय कळत होतं?

त्यानंतर तुम्ही ओट्यावर दिसलात की मी आत जायचो. एकदा तुम्ही हाक मारलीत, ‘येलदरीवाले, झालंच आता, आठ दिस ऱ्हायलेत.’ मी खिडकी लावून घेतली. कसले आठ दिवस, ते विचारलंसुद्धा नाही. आणि मग ती सकाळ आली, कौसाबाईंचा आवाज गल्लीभर गेला आणि मी बनियनवरच धावत आलो. तुमची चप्पल ओट्याखाली होती. टायरला चिखल होता. मी तो बघितला, दादाराव. अशा वेळीसुद्धा माझी नजर आधी चिखलाकडं गेली. करडा होता, वाळूमिश्रित.

रविवारी मंडप उठल्यावर कौसाबाईंनी मला मागच्या खोलीत बोलावलं. कोपऱ्यात तेच पोतं होतं, हिरव्या अक्षरांचं, अर्धं भरलेलं.

‘घिऊन जावा हे. घरात सगळा वास सुटलाय. तुमच्यासाटीच कालवलं हुतं त्यांनी.’

मी पोत्याचं तोंड सोडलं. वास शेंगदाण्याचा आला, जरा आंबूस. मूठ भरून नाकाशी नेली. खरं सांगतो, तेव्हाही मला वाटलं, वर एक असेल, खाली दुसरं. कोपरापर्यंत हात घालून तळातली चिमूट काढली आणि जिभेवर ठेवली. तुम्ही गेलेले, तुमची बायको समोर उभी, बाहेर मंडपाचे बांबू सोडायला लागलेले, आणि मी तुमचा चारा चाखून बघत होतो. कडू नव्हता. शेंगदाण्याची पेंड, कोंडा आणि थोडा गूळ.

‘आजूनबी शक घ्यायलाव व्हय?’ कौसाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता.

मी पोत्यावरची अक्षरं दाखवली. त्या म्हणाल्या, ‘पोतं शेषेरावाच्या घरचं हाय. रिकामं हुतं म्हून आनलं.’

मग त्या खाली बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. शेषेरावांची मोटार तुम्ही वर्षानुवर्षं फुकट दुरुस्त करायचात, म्हणून त्यांच्या उसाच्या टोकाला तुम्हाला बसायला मिळायचं, तुम्हाला एकट्याला. ‘तुमच्यासाटी दोनदा शबूद टाकला त्यांनी. मानूस चांगला हाय, येऊ द्या माज्यासंगं. शेषेराव म्हनला, पिशवीत पक्कड घिऊन फिरनारा मानूस मला नगं. मंग हे म्हनले, बाभळीची जागा बरी. कुनाची मोटर न्हाई, वाळूचा रस्ता न्हाई, कुनी हटकनार न्हाई. मासा न्हाई तितं, पर मासा काय, चारा टाकून आनता येतो. बिनभांडनाची जागा कुटून आनायची?’

मी म्हणालो, ‘मग मला सांगायचं ना.’

‘सांगितलं असतं तर तुमी रोज जाऊन बगितलं असतं. मासा आदी सोकावू द्यायचा हुता. रोज सांजंला जायचे. दम लागायचा तरी जायचे.’

मला पुढचं विचारायचं नव्हतं, पण विचारलं. वाटी परत आली त्या दिवशी काय म्हणाले?

‘काय म्हननार? जेवताना म्हनले, कालवनात मीठ जास्त पडलं असंल. पुढल्या खेपंला कमी घाल.’

दादाराव, तुम्हाला शक घेता आला असता तर बरं झालं असतं. तुम्ही समोर येऊन ‘काय झालंय तुला’ म्हणून दोन शिव्या दिल्या असत्या, मी पोत्याचं नाव घेतलं असतं, तुम्ही पोतं माझ्या डोक्यावर उपडं केलं असतं आणि आपण दोघं बाभळीला गेलो असतो. तुम्ही मीठ कमी करायला सांगितलंत. मी तुमच्यावर जे जे आळ घेतले त्यांची माफी मागायला मला आता समोर कुणी नाही. कौसाबाईंची मागितली. त्या म्हणाल्या, ‘जावा आता, चारा खराब व्हायलाय.’

काल संध्याकाळी पोतं सायकलवर बांधून बाभळीला गेलो. गळ नेला नव्हता. तुमचा नट मात्र खिशात होता, का ते मला माहीत नाही. मुळीवर उभं राहून पहिली मूठ टाकली. काही झालं नाही, आणि माझ्या मनात लगेच आलं, बघ, नाहीच. दुसरी टाकली. मग पाणी आतून हललं. एक पाठ वर आली, काळसर, रुंद, मग दुसरी, मग मला मोजता येईना. माझ्या येलदरीच्या शिळेशी मी कधी इतके मासे बघितले नाहीत, आणि हे मी तुमच्या तोंडावर कधीच कबूल केलं नसतं. वाद हरलो असं मात्र समजू नका. मी उभ्या उभ्या रडलो. मासे पळाले नाहीत.

मान वर केली तर वरच्या अंगाला, नदीच्या वाकणापलीकडं आपल्या उसाच्या बांधावर शेषेराव उभे होते. काठी हातात होती. किती वेळ बघत होते कोण जाणे. त्यांची नजर माझ्या हातावर होती, मग पोत्यावर गेली, हिरव्या अक्षरांवर, मग पुन्हा माझ्या हातावर. ती नजर माझ्या चांगली ओळखीची होती. मी ओरडून सांगणार होतो की शेषेराव, हे दादारावांचं आहे, या, चाखून बघा, कडू नाही. पण मधे पाणी होतं, वारा उलटा होता. म्हणून मी हात वर केला. मूठ भरलेलीच होती.

त्यांनी तो हात बघितला. बघितला हे मला तिथून दिसलं. आणि ते न बघितल्यासारखं करून उसात शिरले.

हात खाली घ्यायला मला जरा वेळ लागला. तुम्हालाही लागला असेल.